सातबारा आधी दाखवा: नाशिकच्या प्लॉट विकसकांना आणि एजंटांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहर आणि जिल्ह्यातले प्लॉट विकसक, बांधकाम व्यावसायिक आणि त्यांच्यासाठी गिऱ्हाईक आणणारे सर्व एजंट

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी सकाळी आईच्या पेपरातून एक पत्रक खाली पडलं. गुळगुळीत कागद, वर रामकुंडाचा फोटो, त्याखाली ठळक अक्षरांत 'सिंहस्थापूर्वीची शेवटची संधी' आणि त्याच्याही खाली '५ वर्षांत दुप्पट'. मी ते उलटसुलट करून पाहिलं. गावाचं नाव होतं, गट नंबर नव्हता. महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक नव्हता, क्यूआर कोड नव्हता. एक मोबाइल नंबर होता आणि 'निवृत्त कर्मचाऱ्यांसाठी खास सवलत' असं लिहिलेलं होतं. आईनं चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "तू हेच काम करायचास ना रे?"

हो, हेच करायचो. २०१४ ते २०२० अशी सहा वर्षं मी नाशिकमधल्या एका प्लॉट विकणाऱ्या कंपनीत विक्रीचं काम केलं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते एका कंपनीपुरतं नाही. माझं नावही खाली देत नाही, कारण त्यावरून माझ्या मामांचं घर ओळखू येईल आणि त्यांना चारचौघांत त्याची चर्चा नको आहे. मजकुराची जबाबदारी मात्र पूर्ण माझी आहे.

मामा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. २०१८ साली निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे हातात आले, त्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो. सिन्नर तालुक्यात आमची स्कीम चालू होती, पाच गुंठ्यांचा तुकडा बारा लाखांना. मी लॅपटॉप उघडून नकाशा दाखवला. समृद्धी इथून जातोय, पुण्याची रेल्वे इथून जाणार आहे, एनए म्हणजे बिगरशेती परवानगी प्रस्तावित आहे, रस्ता प्रस्तावित आहे. मामांनी एकच प्रश्न विचारला, "तुझी खात्री आहे ना?" मी म्हणालो, शंभर टक्के. भाचा सांगतोय म्हटल्यावर त्यांनी कागद वाचलेही नाहीत.

ती जमीन शेतीची होती. मामा शेतकरी नाहीत. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून तर आम्ही खरेदीखत करून देत नव्हतो. पाचशेच्या स्टँपवर साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा नुसता करार, त्यावर नोटरीचा शिक्का, आणि 'एनए झालं की खरेदीखत करून देऊ' हे तोंडी. साठेखतानं जमिनीत मालकी निर्माण होत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्यात स्वच्छ लिहिलंय. मामांना ते कोण सांगणार? सांगायचं काम माझं होतं. नऊ लाख चेकनं गेले, तीन लाख 'डेव्हलपमेंट चार्ज' म्हणून रोख. रोखीची पावती दिली नाही. ले-आऊट कधी मंजूर झालाच नाही. पुढे कळलं की सातबाऱ्यावर मूळ मालकाच्या दोन बहिणींची नावं आहेत आणि त्यांची सही कुणी घेतलेलीच नव्हती. २०२१ पासून दावा चालू आहे.

मला त्या व्यवहारात तीन टक्के मिळाले होते, छत्तीस हजार रुपये. मी पेढे घेऊन मामांकडे गेलो होतो. नंतर ते छत्तीस हजार परत द्यायला गेलो तेव्हा मामांनी हात लावला नाही. मामीनं घेतले, मोजले आणि कपाटात ठेवले. मला वाटतं, तिनं केलं तेच बरोबर होतं.

आता तुमच्याशी.

नाशकात नीट कागद करून, वेळेवर ताबा देऊन, चार पिढ्यांची ओळख जपणारे बिल्डर आहेत, हे मी जाणतो. त्यांच्यापैकी काहींनी माझी नोकरी गेली तेव्हा मला आधार दिला. पण तेही गप्प बसतात. शेजारच्या हॉलमध्ये काय विकलं जातंय हे त्यांना दिसतं, आणि धंद्यात वैर नको म्हणून ते बोलत नाहीत. हे पत्र त्यांनाही आहे.

माझी पहिली तक्रार तुम्ही कुणाला गाठता याबद्दल आहे. आमच्याकडे याद्या असायच्या. प्रेस, एचएएल, झेडपीच्या शाळा, वीज मंडळ, अंबड-सातपूरचे कारखाने: कुठून कोण कोणत्या महिन्यात निवृत्त होणार. पैसे खात्यात यायच्या आत फोन गेला पाहिजे, असा दंडक होता. माणूस चाळीस वर्षं पगारावर जगलेला असतो. एवढी मोठी रक्कम त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच एकत्र पाहिलेली असते. बँकेच्या व्याजात भागेल का ही धास्ती असते, मुलगा हिंजवडीत भाड्याच्या घरात असतो. अशा माणसाला तुम्ही एसी हॉलमध्ये बसवता, जेवण देता, आणि जेवणानंतर बोर्ड दाखवता ज्यावर चाळीसपैकी सदतीस चौकोन लाल असतात. त्यातले निम्मे लाल चौकोन विकलेले नसायचे. मी स्वतः स्केचपेननं रंगवले आहेत. पहिल्या रांगेत आमचीच दोन माणसं गिऱ्हाईक म्हणून बसायची आणि बरोबर वेळेला उठून अकरा हजारांचं टोकन द्यायची. पितृपक्षात हॉल रिकामा ठेवायचा आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर पावत्या फाडायच्या, हेही ठरलेलं. लोकांच्या श्रद्धेचं आम्ही वेळापत्रक केलं होतं.

दुसऱ्या दिवशी साइट व्हिजिट. बस, पाण्याची बाटली, टोपी. जागेवर रंगीत झेंडे, चुन्यानं रंगवलेले दगड, आणि एक जेसीबी. तो भाड्यानं फक्त रविवारी यायचा.

दुसरी तक्रार नकाशाची, आणि ती मला सगळ्यात जास्त खुपते, कारण त्यात आपल्या गावाच्या विकासालाच आमिष केलं जातं. 'प्रस्तावित' या एका शब्दावर आमचं अख्खं सादरीकरण उभं असायचं. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटींचा उल्लेख झाला. घोषणा खरी होती. पण तिच्या जोरावर पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत माहितीपत्रकांत स्टेशनं छापली गेली, आणि मेट्रोत अजून एकही नाशिककर बसलेला नाही. पुणे-नाशिक रेल्वेचंही तसंच. जुन्नर तालुक्यात खोडदला असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे त्या मार्गावरच प्रश्न उभा राहिला आणि आखणी बदलण्याची वेळ आली. स्टेशनपासून दहा मिनिटं म्हणून ज्यांना प्लॉट विकले, त्यांना हे कळवायला कुणी फोन केला? मामांना मी केला नाही, हे कबूल करतो.

समृद्धीचं उदाहरण तर झालेल्या कामाचं आहे. ७०१ किलोमीटरचा रस्ता, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. अभिमान वाटावा असंच काम आहे. पण तो प्रवेश-नियंत्रित महामार्ग आहे. त्यावर चढायचं किंवा उतरायचं तर इंटरचेंजवरच. तुमच्या पत्रकात 'समृद्धीला लागून' असं असतं, तेव्हा त्या प्लॉटवरच्या माणसाला गाड्यांचा आवाज मिळतो, रस्ता मिळत नाही. इंटरचेंजपर्यंत शेताच्या बांधावरून, शिवरस्त्यानं किती किलोमीटर फिरून जावं लागेल, हे लिहा. ड्रोनच्या व्हिडिओत हवेतून सरळ रेषेत अंतर मोजून '५ मिनिटांवर' लिहिणं बंद करा.

आणि आता सिंहस्थ. २०१५ च्या पर्वणीआधी मी स्वतः हॉलमध्ये उभा राहून म्हटलंय, "सिंहस्थानंतर हे भाव दिसणार नाहीत." ते वाक्य आता २०२७ साठी पुन्हा निघालंय, शब्दही बदललेला नाही. सिंहस्थासाठी रस्ते होतात, पूल होतात, घाट होतात, हे खरं. त्यामुळे तीस किलोमीटरवरच्या माळरानाचा भाव दुप्पट होतो, हे कोणत्या हिशेबानं? उलट गोदाकाठच्या जागा विकताना तुम्ही पूररेषेचा नकाशा लपवता. नदीला जवळच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी मिळत नाही, निळ्या आणि तिच्या बाहेरच्या लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटी असतात. नाशिककराला पुराचं मोजमाप शिकवावं लागत नाही. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं, यावर आपण पूर ओळखतो. २००८ आणि २०१९ चं पाणी लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. पण पुण्या-मुंबईहून फोनवर बुकिंग करणाऱ्या माणसाला मारुती माहीत नसतो. त्याला तुम्ही फक्त 'रिव्हर व्ह्यू' दाखवता.

तिसरी तक्रार आकड्यांची. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दरसाल जवळपास १५ टक्के. हे गणित सांगताना मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, कुंपण, मोजणी, वकील आणि विकताना द्यायची दलाली, यातलं काहीच धरलेलं नसतं. विकायला काढल्यावर गिऱ्हाईक मिळायला किती काळ जातो, तेही नाही. मामांचे बारा लाख साध्या मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी सहा वर्षं राहिले असते, तरी अठरा लाख झाले असते आणि मधे कधीही मोडता आले असते. हा तक्ता मी एकाही सादरीकरणात पाहिला नाही. भाव पडू शकतो, परवानगी नाकारली जाऊ शकते, पैसे दहा वर्षं अडकू शकतात, या तीन ओळी एका स्लाइडवर मावतात. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतसुद्धा जोखमीची ओळ असते, भले ती भरभर वाचत असतील.

'बायबॅक', म्हणजे जागा आम्हीच परत विकत घेऊ, आणि 'महिन्याला ठराविक परतावा' हे त्याहून गंभीर आहे. जागेच्या नावावर पैसे घ्यायचे आणि दरमहा ठरलेली रक्कम द्यायचं वचन द्यायचं, म्हणजे तुम्ही जागा विकताय की ठेवी गोळा करताय? ठेवींसाठी राज्याचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे, केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आहे. हे तुमच्या वकिलांना माहीत आहे. दहा जणांत मिळून एक दुकान, भाडं वाटून घेऊ, अशा योजना सध्या कॉलेज रोडच्या कॅफेंमध्ये बसून विकल्या जातात. अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याची मिळकत घ्यायचा सरळ रस्ता सेबीनं २०२४ मध्ये छोट्या आणि मध्यम रीटसाठी, म्हणजे मिळकतीत गुंतवणूक करणाऱ्या ट्रस्टसाठी, आखून दिलाय. त्यात ५० ते ५०० कोटींची मालमत्ता, किमान दोनशे गुंतवणूकदार आणि एका युनिटची किमान किंमत १० लाख अशा अटी आहेत. त्या अटींमागे कारण आहे: हिशेब तपासणारा तिसरा कुणीतरी हवा. तुमच्या दुकानाच्या योजनेत तो कोण?

रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तुम्हाला तो माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. नियोजन क्षेत्रातला प्रकल्प नोंदवल्याशिवाय त्याची जाहिरातसुद्धा करता येत नाही, बुकिंग तर लांबच. 'प्री-लाँच' असं काही कायद्यात नाही. सूट आहे ती ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा आठपर्यंत सदनिकांना. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, म्हणजे सूट पाच गुंठ्यांच्या आतच संपते. मग चार एकरांची स्कीम 'आमची छोटी आहे, रेरात येत नाही' असं तुमची पोरं फोनवर कशी सांगतात? नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. घेतलेल्या पैशातले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात राहिले पाहिजेत. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड हवा. एजंटलाही नोंदणी हवी, आणि आता प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला व्याजासह परतावा मागता येतो. यातलं बहुतेक २०१७ पासून लागू आहे आणि तरीही परवा आईच्या पेपरातून ते पत्रक पडलं.

एजंट मित्रांना वेगळं सांगायचंय. तुमच्यातले बरेच जण माझ्यासारखे आहेत. पगार तुटपुंजा, टार्गेट डोक्यावर, आणि पहिली गिऱ्हाइकं घरचीच. मोठे साहेब ट्रेनिंगमध्ये सांगतात, 'आधी नातेवाइकांची यादी काढा.' ती यादी काढण्याआधी स्कीमचा सातबारा, फेरफार आणि ले-आऊट मंजुरीचं पत्र मागा. देत नसतील तर ती स्कीम विकू नका. नोकरी जाईल, मला माहीत आहे. माझी गेली. दुसरी मिळाली.

आता मागण्या.

प्रत्येक पत्रक, होर्डिंग आणि व्हॉट्सअॅपवरच्या जाहिरातीत गट नंबर किंवा सर्व्हे नंबर, गाव, तालुका आणि महारेरा क्रमांक ठळक छापा. अंगठ्याएवढ्या कोपऱ्यात नको.

सादरीकरणाची सुरुवात कागदांनी करा: चालू तारखेचा सातबारा, फेरफार, झोन दाखला, मंजूर ले-आऊट, वकिलाचा टायटल रिपोर्ट. नदीकाठची जागा असेल तर पूररेषेचा नकाशा. भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, जमीन असेल तर ते तोंडानं सांगा आणि त्याचा अर्थही सांगा. सगळ्यांच्या प्रती माणसाला घरी न्यायला द्या.

ज्या रस्त्याचं, रेल्वेचं, मेट्रोचं नाव घ्याल, त्यापुढे आज त्याचं काम कुठे आलंय ते लिहा: घोषणा, मंजुरी, भूसंपादन की प्रत्यक्ष काम. 'प्रस्तावित' हा शब्द एकटा वापरू नका.

परताव्याचं वचन देऊ नका. द्यायचंच असेल तर ज्या कायद्याखाली ते देता येतं त्याची परवानगी दाखवा.

साठ वर्षांवरच्या कुणाकडूनही हॉलमध्ये, त्याच दिवशी टोकन घेऊ नका. आठ दिवस द्या. त्यांना मुलीला, जावयाला, ओळखीच्या वकिलाला, तलाठ्याला विचारू द्या. तुमची जमीन स्वच्छ असेल तर ती आठ दिवसांत कुठे पळून जाणार नाही. ही मागणी कायद्यात नाही, मला माहीत आहे. तुमच्या संघटनांनी ठरवलं तर एका बैठकीत होईल.

आणि रोख घेऊ नका. याला स्पष्टीकरण लागत नाही.

येत्या काही महिन्यांत जिथे जिथे असे मेळावे होतील, तिथे जमेल तेवढ्या ठिकाणी मी मागच्या रांगेत बसणार आहे. गोंधळ घालायला येणार नाही. प्रश्नोत्तरांच्या वेळी हात वर करून गट नंबर विचारीन आणि उत्तर वहीत लिहून घेईन. नोंदणी क्रमांक नसलेली पत्रकं लोकांनी माझ्याकडे दिली तर ती महारेराकडे पाठवीन. आईच्या पेपरातलं पाठवून झालंय.

शेवटी, हे पत्र वाचणाऱ्यांत माझे जुने मालकही असतील. साहेब, मामांच्या नऊ लाखांची नोंद तुमच्या बँकेच्या खात्यात आहे. तीन लाखांची नोंद माझ्या २०१८ च्या डायरीत आहे, तारीख आणि नोटांच्या गड्ड्यांसकट, कारण ते मोजून मीच तुमच्या टेबलावर ठेवले होते. दावा चालेल तितका चालेल, जमीन ज्यांची ठरेल त्यांची ठरेल. पण मामांचे पैसे परत करायला तुम्हाला कोर्टाच्या निकालाची वाट पाहायची गरज नाही. २०१९ च्या पावसाळ्यात मामांनी त्या तुकड्यावर आंब्याची दोन रोपं लावली होती. मी भेटलो की अजून विचारतात, "सिन्नरकडे गेला होतास का? कलमं जगली का रे?" एक जगलंय. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर ते बघायला जायचं म्हणतील, आणि त्या जागेवर पाय ठेवायचा हक्क त्यांना कोणत्या कागदानं आहे हे मला त्यांना सांगता येणार नाही. त्यांना मी काय सांगू, ते तुम्ही मला कळवा.

आपला,
एक माजी विक्री प्रतिनिधी
जेलरोड, नाशिकरोड